काडतूस बसलं, म्हणून बार काढायचा?

भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या मालगुजारी वाड्यांत आजही एखादी विलायती दुनळी निघते. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप), बर्मिंगहॅम किंवा लंडनची. आजोबांच्या पश्चात परवाना नातवाच्या नावावर झालेला. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते, निकालानंतर घरी येते. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरली की आवाजापुरता एक बार काढावा, असं घरात कुणाला तरी वाटतंच.

त्याआधी नळी बघा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून नळ्या सुट्या करा आणि उलट्या धरा. बुडाच्या सपाट भागावर तपासणीचे ठसे असतात. ‘एनपी’ किंवा ‘नायट्रो प्रूफ’, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूवर तपासल्याचा ठसा नसेल, तर ती नळी काळ्या दारूवरच तपासलेली समजा. आजचं काडतूस तिच्यात घालूच नका. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळीवर लाटांसारखी नक्षी दिसते. दिसायला देखणी, पण सांध्यात गंज मुरला असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. जुन्या इंग्लिश बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, बहुधा 65 मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंचाचं. बाजारात मिळतं ते काडतूस 70चं. पण हा 70चा आकडा उडालेल्या, तोंड उघडलेल्या काडतुसाचा आहे. तोंड दुमडलेलं नवं काडतूस भरतं जेमतेम 58. म्हणून ते सहज आत जातं, बंदूकही व्यवस्थित बंद होते. चाप ओढला की दुमड उलगडते, चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्‍यांची वाट आवळते आणि दाब चढतो. खांद्याला मात्र काहीच वेगळं जाणवत नाही. धक्का ठरतो छर्‍यांचं वजन आणि वेग यांवर. दाबाचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

युरोपीय मानकांनुसार साध्या बारा बोअर काडतुसाची दाबाची मर्यादा 740 ‘बार’ आहे (हा ‘बार’ म्हणजे दाब मोजायचं एकक), जोरदार काडतुसांची 1050. काही नळ्यांवर ‘3 टन’ (दर चौरस इंचाला) असं कोरलेलं असतं. तो दाब जुन्या पद्धतीनं मोजलेला. सरळ गुणाकार करून तो आकडा ‘बार’ एककात बदलू नका.

गंज घासून घासून नळी आतून पातळ झालेली असते, हेही ध्यानात असू द्या. परवानाधारक कारागिराकडून चेंबर, बोअर आणि नळीची जाडी गेजनं मोजून घ्या. तिन्ही ठीक निघाले तरच 65चं, कमी दाबाचं, 28 ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या छऱ्यांचं काडतूस मागा. तसं मिळालं नाही, तर बार नाही.

आणि कुंभारीण माशी नळीतही मातीचं घर बांधते. तेवढ्या अडथळ्यानंही नळी फाटू शकते. आरपार उजेड दिसल्याशिवाय काडतूस भरू नका.