राजीनामा आधी ड्युटी लिस्टवर दिसतो

रुग्णालयातली नोकरी सोडणाऱ्या सिस्टरच्या, म्हणजे नर्सच्या, राजीनाम्याच्या फॉर्मवर कारण बहुतेक वेळा एकच असतं: ‘घरगुती’. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, हल्लीच्या मुली टिकतच नाहीत. या दोन्हींतून हाती काही लागत नाही. त्यापेक्षा गेल्या दोन वर्षांतले राजीनामे काढा आणि प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, वॉर्ड, आणि शेवटच्या तीन महिन्यांत केलेल्या नाइट ड्युट्या. पहिल्या तीन-चार महिन्यांतच गळती दिसली तर नव्या मुलींना कामाला जुंपण्याची पद्धत चुकते आहे. एकाच वॉर्डातून माणसं जात असतील तर तिथलं मनुष्यबळ तपासा, तिथली इन्चार्जही. आणि दोन वर्षं भरताच जात असतील, तर आखातातल्या नोकऱ्यांना साधारण तेवढाच अनुभव लागतो. दुखणी तीन आहेत आणि आपण सगळ्यांवर एकच गोळी देतो: हजार रुपयांची वाढ.

आता ड्युटी लिस्टकडे येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. तीस खाटांचा जनरल वॉर्ड धरा. एका सिस्टरमागे सहा रुग्ण म्हटले तर पाळीला पाच जणी. तीन पाळ्या, पंधरा जणी. प्रशासन इथेच थांबतं. पण वॉर्डाला रविवार नसतो. एका जागेला तीन पाळ्या, सात दिवस, म्हणजे आठवड्यात 21 ड्युट्या भराव्या लागतात आणि एक सिस्टर करते सहा. म्हणजे जागेमागे साडेतीन माणसं, पाच जागांना साडेसतरा. त्यावर रजा, आजारपण, बाळंतपण, ट्रेनिंग यांसाठी 30 टक्के राखीव. आकडा 23 वर जातो. इन्चार्ज यात धरायची नाही, आठवड्यापूर्वी आलेली नवी मुलगीही नाही.

पंधरात भागवलेल्या वॉर्डात उरलेल्या आठ जणींचं काम कोण करतं? बाकीच्या, डबल ड्युटी करून. त्यातही नवख्या आधी, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. ऑफ रद्द होतो, ‘पुढच्या आठवड्यात देऊ’ म्हणून साठत जातो, आणि शेवटी साठलेले सगळे ऑफ नोटिस पिरियडमध्ये वळते होतात. बाळंतपणाच्या रजेचं आश्चर्य वाटायचं तर कारणच नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची रजा आहे, आणि पंचविशीतल्या मुलींच्या वॉर्डात ती येणारच. बदली माणूस सहा महिने आधी ठरवता येतो. ठरवत मात्र कुणी नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा 2002 सालचा अभ्यास इथे आठवावा. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स कामाने पिचून जाण्याची 23 टक्क्यांनी. म्हणजे तिचा थकवा हा फक्त तिचा प्रश्न राहत नाही.

तो थकवा येतो कुठून, हे सकाळी आठच्या डोसला उभं राहून बघा. एका सिस्टरकडे बारा रुग्ण, त्यांतल्या आठ जणांना शिरेतून अँटिबायोटिक. वायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, स्टराइल वॉटर घालून पावडर पूर्ण विरघळवायची, 100 मिली सलाइनमध्ये मिसळायची, लेबल लावायचं, रुग्णाचं नाव आणि ॲलर्जी पडताळायची, कॅन्युलाची (शिरेतल्या नळीची) जागा सुजली आहे का पाहायचं, थेंब लावायचे, चार्टवर सही करायची. घाई न करता एकाला सहा-सात मिनिटं; आठ जणांना जवळजवळ तास. त्याच तासात टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्यांना, फाइल हवी, फार्मसीला उरलेली औषधं परत हवीत, नातेवाइकाला पास हवा, एक्स-रेवाला रुग्ण मागतो. मग सह्या एकगठ्ठा होतात आणि एक दिवस डोस चुकतो. मेमो सिस्टरला मिळतो, टीपीए डेस्कला नाही. रुग्णाच्या उशाशी केलेल्या कामाचा कंटाळा आल्याचं क्वचितच कुणी सांगतं. तक्रार असते ती फोन आणि फायलींची. सकाळी आठ ते दोन एक वॉर्ड क्लार्क बसवला, तर दोन सिस्टर नेमण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

नव्यांचं थोडक्यात. शिकलेलं नर्सिंग आणि वॉर्डातलं नर्सिंग यांतल्या धक्क्याचा मार्लिन क्रेमर यांनी 1974 मध्येच अभ्यास केला होता. उपाय अवघड नाही: पहिले दोन आठवडे तिला मोजणीत धरू नका, एकच अनुभवी सिस्टर जोडून द्या, दीड महिना एकटीला नाइट नको, आणि रक्त चढवणं, इन्फ्युजन पंप, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साधनांची गाडी) या गोष्टी करून दाखवल्यावरच सही. बिघडतं ते शिकवणाऱ्या सिस्टरचे रुग्ण कमी न केल्यामुळे. मग तीच वैतागते, आणि तो वैताग नव्या मुलीवर निघतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट मोजायची: लोकल. इव्हनिंग साडेआठला संपते, ओव्हर देता देता, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवता सोपवता, सव्वानऊ होतात. परळहून बदलापूरला घरी पोचेपर्यंत अकरा वाजून जातात. सकाळी साडेसातची ड्युटी असेल तर पाचच्या आत उठायचं. इव्हनिंगला लागून मॉर्निंग लावणं म्हणूनच बंद करा. क्रम ठेवा मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट, मग ऑफ. आणि नाइट उतरलेला दिवस ऑफ म्हणून मोजू नका. तो तिने झोपेत घालवलेला असतो.

पगार गौण आहे असं कुणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली ती अशी: 200 हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतका पगार, 100 ते 200 खाटांना फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 ला फार तर 25 टक्के, आणि 50 च्या आत किमान 20,000 रुपये. आपला आकडा यापुढे मांडून बघा, मग महापालिकेची भरती निघाली की वॉर्ड का रिकामा होतो ते कळेल. सिस्टरची मूळ सर्टिफिकेटं रुग्णालयाच्या कपाटात ठेवून माणूस थांबतो, हा तर निव्वळ भ्रम. थांबतो तो रागाने, आणि पहिल्या संधीला जातो.

नातेवाइकांच्या मारहाण-शिवीगाळीबद्दल एकच: रुग्णालयातल्या हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा नर्सलाही लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार रुग्णालयाने द्यायची. रात्री दोन वाजता सिस्टरला एकटीला पोलीस चौकीत पाठवायचं नाही.

आणि जी दोन वर्षांनी परदेशी जाणारच आहे, तिला अडवण्यात शक्ती घालवू नका. रिलिव्हिंग लेटर शेवटच्या दिवशीच हातात द्या, तिच्या परदेशी नोंदणीसाठी पडताळणीचा मेल आला तर आठवड्यात उत्तर पाठवा. ती तिच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्याबद्दल काय लिहिते, त्यावर पुढच्या महिन्यात मुलाखतीला किती जणी येतील हे ठरतं.