मॅकिनॉ बेट: सायकलवर १३ किलोमीटरचं वर्तुळ, आणि मग मधली चढण

पहिले दहा सेकंद मी काहीच बोलणार नाही. तुम्ही फक्त ऐका.

(शांतता. लाटा. लांबून घोड्याच्या टापा. सायकलची एक घंटा.)

मी आत्ता राज्य महामार्गावर उभा आहे. एम-१८५, मिशिगन, अमेरिका. रीतसर क्रमांक असलेला हायवे, आणि त्यावर मोटारींना बंदी! असा राज्य महामार्ग अख्ख्या अमेरिकेत हा एकच. ह्यूरॉन सरोवरातल्या या बेटाच्या काठाकाठाने तो १३ किलोमीटर फिरतो आणि निघाला तिथेच परत येतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ‘सी’ आहे, पण इथे सगळे ‘मॅकिनॉ’च म्हणतात.

ही शांतता १८९८ पासूनची. बेटावर मोटार आली, घोडे बुजले, घोडागाडीवाल्यांनी तक्रार केली आणि गावाने मोटारींवर बंदी घातली. ती आजही आहे. अँब्युलन्स, अग्निशमन अशा गरजेच्या गाड्यांना सूट आहे, हिवाळ्यात स्नोमोबाइल चालतात. बाकी तुम्ही, सायकल आणि घोडे.

यायचं कसं? मॅकिनॉ सिटी किंवा सेंट इग्नेस या मुख्य भूमीवरच्या दोन गावांपैकी कुठूनही फेरी बोट मिळते. स्वतःची सायकल बोटीत आणता येते, नाहीतर धक्क्याला लागूनच भाड्याने मिळते. भाड्याची घेणार असाल तर सीटची उंची तिथेच नीट करून घ्या आणि दोन्ही ब्रेक दाबून बघा. काठाचा रस्ता सपाट आहे, तिथे ब्रेकची फार गरज पडत नाही. दुपारी पडेल, ते पुढे सांगतो.

आणि भारतातून आलेल्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो: उजवीकडून चालवा. ओव्हरटेक डाव्या बाजूने, तेही आधी आवाज देऊन. मला स्वतःला पहिली दहा मिनिटं दर वळणावर मनात घोकावं लागलं. घोडागाडी समोर आली तर तिला आधी जाऊ द्या, घोड्याच्या अगदी मागे जाऊन घंटा वाजवू नका.

मी पूर्वेकडून निघतो, सरोवर उजव्या हाताला ठेवून. थोड्याच वेळात डावीकडे मान वर करायची: आर्च रॉक. चुनखडीची नैसर्गिक कमान, पाण्यापासून जवळजवळ ४५ मीटर उंच. रस्त्यावरून तिच्यापर्यंत दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. चढा. वरून कमानीतून खाली बघितलं की पाण्याचा जो निळा-हिरवा रंग दिसतो, तो कॅमेऱ्यात येत नाही. मी खूप प्रयत्न केलाय.

साधारण अर्ध्या वाटेवर ब्रिटिश लँडिंग. इथे स्वच्छतागृह आहे, बसायला जागा आहे. पाणी मात्र गावातूनच भरून आणा, वाटेत दुकानं जवळपास नाहीतच. इथून पुढे पश्चिम किनारा, समोर पाच मैल लांबीचा मॅकिनॉ पूल. १९५७ साली सुरू झाला. या बाजूला वारं अंगावर येतं, एक जॅकेट जवळ असू द्या.

रमतगमत गेलात तरी दीड-दोन तासांत वर्तुळ पूर्ण होतं. आणि बहुतेक लोक इथेच थांबतात! बोटीची वेळ बघतात आणि जातात. माझा हा व्हिडिओ खरं तर त्यांच्यासाठी आहे. थांबू नका. बेटाचा मधला भाग अजून बाकी आहे.

आत्ता पाहिलेलं ब्रिटिश लँडिंग आठवा. १७ जुलै १८१२, पहाटे. ब्रिटिश सैन्य आणि त्यांच्याबरोबरचे स्थानिक आदिवासी योद्धे तिथे उतरले. गावावर जो पांढरा किल्ला दिसतो, फोर्ट मॅकिनॉ, तो तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. युद्ध पुकारलं गेलंय हे आतल्या साठेक सैनिकांना कोणी कळवलंच नव्हतं. ब्रिटिशांनी बेट मधून ओलांडलं आणि किल्ल्याच्याही वरच्या टेकडीवर तोफ चढवली. सकाळी किल्ल्याने बघितलं तर तोफ डोक्यावर! लढाई न होताच किल्ला गेला. किल्ल्याची तोंडं पाण्याकडे होती, शत्रू पाठीमागून आला.

ती टेकडी म्हणजे आजचा फोर्ट होम्स, सरोवरापासून शंभरेक मीटर वर, बेटाचा सगळ्यात उंच भाग. गावाकडून जाणारे रस्ते छातीवर येतात. उतरून सायकल ढकला, सगळेच ढकलतात. पण वर पोचून चारी बाजूंनी पाणी दिसलं की तोफ इथेच का आणली, ते समजावून सांगावं लागत नाही.

तिथून जवळच, झाडीत, शुगर लोफ. साधारण २३ मीटर उंचीचा एकटा खडक, जंगलात मधेच उभा. हिमयुग सरल्यावर इथे आजच्या सरोवराहून कितीतरी उंच पाणी होतं. भूशास्त्रज्ञ त्या जुन्या सरोवराला अल्गॉनक्विन म्हणतात. बेटाचा फक्त हा मधला माथा तेव्हा पाण्याबाहेर होता, आणि हा खडक त्याच्या किनाऱ्यालगत लाटा झेलत होता. मऊ दगड लाटांनी नेला, घट्ट तेवढा राहिला. सकाळी तुम्ही आजच्या किनाऱ्यावरून फिरलात. इथे तुम्ही हजारो वर्षांपूर्वीच्या किनाऱ्यावर उभे आहात.

आता उतार. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, वळणावर घोडागाडी असू शकते, आणि ओल्या लिदीवरून चाक घसरतं. बोटीच्या आधी अर्धा तास हातात ठेवा: सायकल परत करायला रांग असते.