भट्ट्यांचं भूशिर

नमस्कार मंडळी. सुरुवातीलाच एक कबुली देते. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्या बत्तीस वर्षांत मुलांना एक टिंब चुकीचं द्यायला लावलं. परीक्षेत दक्षिण अमेरिकेचा नकाशा भरायचा असे. मी सांगायची, ‘केप हॉर्न सोपं आहे रे, खाली निमुळतं टोक दिसतं ना, तिथं टिंब द्या, हक्काचा एक गुण.’ पोरं द्यायची, मीही डोळे झाकून बरोबरची खूण करायची. केप हॉर्न त्या टोकावर नाही. खंडाच्या सलग जमिनीचं दक्षिण टोक आहे केप फ्रोवर्ड, मॅगेलनच्या सामुद्रधुनीच्या काठावर. त्याच्या खाली बेटांचा चुरा सांडलेला आहे, त्यातलं अगदी खालचं एक छोटं बेट म्हणजे हॉर्न. हे मला निवृत्तीनंतर, तिथं जायचं ठरल्यावर कळलं. माझे जुने विद्यार्थी इथे बसले असतील तर त्यांनी तो गुण परत करायची गरज नाही.

गेलो आम्ही दोघी, मी आणि माझी वहिनी. चिलीतल्या पुंता अरेनासला जहाजात बसायचं आणि चार रात्रींनी अर्जेंटिनातल्या उश्वायाला उतरायचं. जहाज लहान, दोनशेच्या आसपास प्रवासी. हजारो माणसांना घेऊन जाणारी तरंगती गावं असतात, तसलं नाही. लहान असल्यामुळे ते अरुंद खाड्यांमध्ये शिरतं. पण धक्का नावाचा प्रकार वाटेत कुठेही नाही. जहाज मध्यावर नांगरायचं आणि झोडियाक नावाच्या रबरी बोटीतून काठाला जायचं. त्या बोटीत चढताना खलाशाचा पंजा धरायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं. पंजा ओला असला की निसटतो, मनगट निसटत नाही. वहिनीनं हे इतकं मनावर घेतलं की घरी परत आल्यावरही रिक्षातून उतरताना ती माझं मनगटच धरते.

जहाज निघालं तशी मी नकाशा उघडून बसले. सवय. आणि त्या नकाशावरची नावं वाचता वाचता अंगावर काटा आला. ‘बाहिया इनुतिल’, म्हणजे निरुपयोगी उपसागर. १८२७ साली इंग्रज आरमाराच्या मोजणीवाल्यांनी हे नाव ठेवलं, कारण तिथं ना नांगर टाकायला जागा, ना वाऱ्याला आडोसा. वर उत्तरेला ‘उल्तिमा एस्पेरान्सा’, शेवटची आशा. एका स्पॅनिश कप्तानाला सामुद्रधुनीचं पश्चिमेकडचं तोंड सापडत नव्हतं, ही खाडी त्याची शेवटची आशा होती, आणि ती निघाली बंद. एक बेट ‘ओसाड’, एक ‘क्रोध’. एक भूशिर ‘कपट’. आणि पुंता अरेनासपासून थोडं दक्षिणेला ‘पुएर्तो देल आंब्रे’, भुकेचं बंदर. १५८४ साली स्पेननं तिथं सुमारे तीनशे माणसं वसवली, राजाचं नाव देऊन. शहरच म्हणायचे त्याला. १५८७ च्या जानेवारीत कॅव्हेंडिश नावाचा इंग्रज तिथून जाताना थांबला, तर उपासमारीनं मेलेल्यांची वस्ती. राजाचं नाव पुसलं गेलं आणि भुकेचं राहिलं.

आपल्याकडं गावांची नावं कशी पडतात? वडगाव, पिंपळगाव, चिंचवड. झाडाखाली बसलेल्या माणसानं ठेवलेली नावं आहेत ती. तिथली नावं वाऱ्यात फाटत चाललेल्या शिडाखाली ठेवलेली आहेत. मी इतकी वर्षं मुलांकडून नावं घोकून घेतली, पण नाव ठेवणारा त्या वेळी काय अवस्थेत होता हा प्रश्न कधी विचारला नाही.

आता या खाड्यांबद्दल थोडं. फ्योर्ड, म्हणजे तिथली अरुंद, खोल खाडी, आणि आपली कोकणातली खाडी यांची जन्मकथा अर्धी एकच आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि दऱ्यांमध्ये घुसला. कोकणात तो नदीनं कोरलेल्या दरीत घुसला, म्हणून जयगडची किंवा दाभोळची खाडी पसरट, गाळाची, भरती-ओहोटीचं गणित सांभाळून होडी हाकावी अशी. तिथं तो हिमनदीनं कोरलेल्या दरीत घुसला. नदी दरी कोरते ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी, हिमनदी खरवडून काढते ती यू अक्षरासारखी. म्हणून फ्योर्डच्या भिंती सरळ पाण्यात उतरतात आणि जहाज कड्याच्या इतकं जवळून जातं की दगडावरचं शेवाळ दिसतं. मात्र तोंडाशी मेख असते. हिमनदीनं पुढे ढकलत आणलेला दगडगोटा जिथं टाकला, तिथं पाण्याखाली बांध तयार होतो. आत खोल, तोंडाशी उथळ. एन्सवर्थ उपसागरात आम्ही उतरलो तिथं असाच बांध आहे, त्याच्या पलीकडे मारिनेली हिमनदी. पूर्वी ती जवळजवळ त्या बांधाला टेकलेली असे. आता गेल्या शंभरेक वर्षांत ती दहा किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे, आणि काठावरून दिसते ती लांबवर एक पांढरी रेघ. तिनं मोकळ्या केलेल्या जमिनीवर आधी शेवाळ, मग झुडपं, मग बीच जातीची झाडं अशा पिढ्या ओळीनं उभ्या आहेत. काठापासून आत चालत गेलात की झाडांची वयं बदलतात. हे मला बर्फापेक्षाही आवडलं, पण ते माझं शिक्षकी खूळ.

दुसऱ्या दिवशी पिआ हिमनदी. इथं मात्र बर्फाची भिंत समोर थेट पाण्यात उभी. रंग निळा. दाबानं हवेचे बुडबुडे निघून गेलेला दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळतो आणि निळा परत देतो. आम्ही समोरच्या खडकावर उभ्या होतो. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, सगळ्यांनी माना वळवल्या, तोवर सगळं संपलेलं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात घरभर बर्फ कोसळून पाण्यात गेलेला असतो. उरते ती लाट. चौथ्या-पाचव्या वेळी वहिनी म्हणाली, ‘आवाजाकडे बघूच नका, एकाच जागी टक लावा.’ तिलाच एकटीला तुकडा सुटताना दिसला.

त्या लाटेवरून डार्विनची गोष्ट सांगायलाच हवी. २९ जानेवारी १८३३. बीगल जहाज दूर नांगरलेलं. कप्तान फिट्झरॉय, तेवीस वर्षांचा डार्विन आणि काही खलाशी छोट्या होड्या घेऊन या खाड्या मोजत निघालेले. होड्या काठावर ओढून ते हिमनदीसमोर जेवायला बसले होते. तेवढ्यात कडा कोसळला आणि लाट होड्यांकडे निघाली. होड्या गेल्या असत्या तर मंडळी तिथंच अडकली असती, जहाजापासून कित्येक मैल लांब. डार्विन आणि दोन-तीन खलाशी धावत सुटले आणि त्यांनी होड्यांचे दोर धरले. दुसऱ्या दिवशी कप्तानानं पुढच्या मोठ्या जलाशयाला डार्विनचं नाव दिलं. इथल्या नावांमध्ये कृतज्ञतेनं ठेवलेलं मला सापडलेलं हे एकच.

फिट्झरॉयबद्दल एक जास्तीचं. वाऱ्याचा जोर मोजायची ब्यूफर्ट श्रेणी आपण शिकवतो ना, ती अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती बीगलच्याच सफरीत. पुढे याच फिट्झरॉयनं इंग्लंडचं हवामान खातं उभं केलं आणि वर्तमानपत्रातून हवामानाचा अंदाज देणं सुरू केलं. का, ते डेकवर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. आपल्याकडं खारे वारे आणि मतलई वारे, दिवसा एक, रात्री एक, किती शहाणे! तिथं वाऱ्याला वेळापत्रक नाही. डोंगरावरच्या बर्फाची जड, गार हवा एकदम घसरत खाली येते आणि शांत पाण्यावर आदळते. खलाशी त्याला विलिवॉ म्हणतात. आधी पाण्यावर पांढरी वाफ धावताना दिसते, मग जहाज कलंडतं, मग चहा.

बीगल खाडीच्या वायव्य फाट्यात हिमनद्यांची गल्लीच आहे. एकामागून एक, आणि नावं ऐका: रोमांश, जर्मनी, फ्रान्स, इटली, हॉलंड. रोमांश हे १८८२-८३ साली शास्त्रीय मोहिमेवर आलेल्या फ्रेंच जहाजाचं नाव, बाकीचे देश. जहाजावर गंमत म्हणून प्रत्येक हिमनदीला त्या त्या देशाचं पेय आणि खाणं वाटतात. मजा आली, नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या थाळीच्या वेळी मी आमच्या मार्गदर्शक मुलीला विचारलं, ‘इथं राहणारे लोक याला काय म्हणायचे?’ ती म्हणाली, ‘या खाडीला ओनाशागा.’ हिमनद्यांची नावं तिलाही ठाऊक नव्हती.

इथं राहणारे लोक म्हणजे यागान. झाडाच्या सालीची होडी, आणि त्या होडीत, पाण्यावर, पेटलेली चूल. तळाला माती-वाळूचा थर आणि त्यावर विस्तव. होडी वल्हवायची बाईनं. शिंपले काढायला त्या बर्फगार पाण्यात बुडी मारायची तीही बाईनं, कारण पोहणं बायकांनाच येत असे. समुद्री गवताच्या दोऱ्यांना होडी बांधून ठेवायची तीच. विस्तव सांभाळायचं काम पोरांचं. किनाऱ्यावरच्या अशा विस्तवांवरूनच युरोपियनांनी १५२० साली या मुलखाला आगीचा प्रदेश म्हटलं, तिएरा देल फुएगो. ज्यांचा विस्तव होता त्यांचं नाव मात्र नकाशावर आलं नाही.

फिट्झरॉयनं आधीच्या सफरीत या मुलखातली चार माणसं इंग्लंडला नेली होती. त्यांतला एक यागान मुलगा ओरुंडेलिको. त्याच्या बदल्यात शिंपल्याचं एक बटण दिलं, म्हणून खलाशांनी त्याला नाव ठेवलं जेमी बटन. लंडनला त्याला बूट, हातमोजे, इंग्रजी सगळं शिकवलं, राजाराणीलाही भेटवलं. १८३३ साली त्याला वुलाईया उपसागरात परत आणून सोडलं. वर्षानं जहाज पुन्हा आलं तेव्हा तो वाळलेला, उघडा, कमरेला कातडं गुंडाळलेला. कप्तानानं विचारलं, परत येतोस का? तो नको म्हणाला. आम्ही वुलाईयाला उतरलो तेव्हा मी हिरवळीवर बराच वेळ बसून होते. शिंपल्यांचे ढीग अजून आहेत तिथं, पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्यांचे, त्यांवर गवत उगवलेलं.

यागानांची भाषा टिकली ती एका माणसामुळे, आणि योगायोग असा की त्याचंही नाव उसनंच. थॉमस ब्रिजेस हा मिशनरी. तान्हं बाळ असताना तो एका पुलाजवळ सापडला म्हणून ब्रिजेस, असं सांगतात. बटणावरून बटन, पुलावरून ब्रिजेस. त्यानं यागान भाषेचा कोश केला, सुमारे ३२,००० शब्दांचा. कोश होत होता त्याच काळात गोवर आला आणि माणसं गेली. ही भाषा आईकडून शिकलेली शेवटची बाई क्रिस्तिना काल्देरोन. बीगल खाडीच्या काठी पुएर्तो विल्यम्सजवळ ती राहायची; २०२२ च्या फेब्रुवारीत, ९३ व्या वर्षी ती गेली. त्याआधी नातीला हाताशी धरून तिनं गोष्टी आणि शब्द नोंदवून ठेवले होते. बत्तीस हजार शब्द, आणि बोलायला घरात कोणी नाही. मी मराठीची शिक्षिका नाही, पण ते ऐकून जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी हॉर्न. १६१६ साली डच खलाशांनी ते पाहिलं आणि आपल्या हॉर्न गावाचं नाव दिलं. स्पॅनिश लोकांनी त्याचं केलं ‘ओर्नोस’. आणि ओर्नो म्हणजे भट्टी! म्हणजे आज चिलीच्या नकाशावर या बर्फाळ कातळाचं नाव आहे भट्ट्यांचं भूशिर.

आपली माणसंही इथून गेली आहेत, आणि शिडाच्या बोटीनं. दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबईला परतले. मग ‘तारिणी’वरून वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा जणी. मी जहाजाचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि विचार करत होते, या पाण्यात ५६ फूट म्हणजे आपल्या शाळेचा एक वर्ग!

आम्ही बेटावर उतरलो नाही. तिथं चिलीच्या आरमाराचा एक दीपगृहवाला कुटुंबासह राहतो. त्यानं रेडिओवरून वाऱ्याचा आकडा सांगितला, कप्तानानं हात हलवून नाही म्हटलं. तासभर जहाज समोर हेलकावत राहिलं. वर अल्बाट्रॉस पक्ष्याचं स्मारक दिसत होतं, बुडालेल्या खलाशांसाठी उभारलेलं. अंगावर चार थर आणि वर माझी शाल घेतलेल्या वहिनीनं मला नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ त्या काळ्या कातळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘भट्टी म्हणे!’

आता प्रश्न विचारा. फक्त खर्च किती आला हे मला नको, ते वहिनीला विचारा. दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसली आहे.