‘ध’चा ‘मा’ आणि माणसाची खोट

श्रोतेहो, नमस्कार.

कथेतल्या माणसाला खोट द्यायची म्हटली की नवा लेखक ती वरून भुरभुरतो. नायक विसराळू, नायिका तापट, झालं. ती खोट काढून कथा पुन्हा वाचा. काहीच अडलं नाही? मग ती खोट नव्हती, पोह्यांवरची कोथिंबीर होती.

आता शनिवारवाड्याची गोष्ट घ्या. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावले, राघोबादादांना बिलगले आणि तिथेच मारले गेले, असं सांगतात. पुढचं तुम्हाला पाठ आहे. चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. (पौर्णिमेला मोबाइल घेऊन तिथे हाका ऐकायला जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की आतला वाडा १८२८च्या आगीतच गेला. त्यापेक्षा दिवसाउजेडी दिल्ली दरवाजाचे खिळे बघा.)

दंतकथा म्हणून ‘ध’चा ‘मा’ झकास. कथा म्हणून लंगडी. सगळा दोष एका अक्षरावर आणि एका बाईवर ढकलला, की दादा नुसते उभे राहतात.

ते अक्षर पुसा. काय उरतं? पुतण्याला ‘धरा’ म्हणून पगार थकलेल्या हत्यारबंद माणसांवर काम सोपवणारा काका. धरताना काय होईल, ते बघायला तो पुढे नाही. लेखकाच्या नजरेनं मागे जा. १७५८. दादा लाहोर घेतात, मराठी फौज अटकेपर्यंत पोचते. केवढी धडाडी! पण दादा दक्षिणेत परततात, पंजाब थोड्या फौजेवर सोडून, डोक्यावर मोहिमेचं कर्ज घेऊन. पुढच्याच वर्षी अब्दाली तो परत घेतो. मग १७७३चे गारदी. मग १७७५, सुरतेचा तह: गादी मिळावी म्हणून साष्टी-वसई इंग्रजांना देऊ केली. सुरुवात स्वतः करायची, शेवट दुसऱ्याच्या हाती द्यायचा. लाहोरला तेच, वाड्यात तेच, सुरतेला तेच. पहिल्या वेळी मुलूख गेला, दुसऱ्या वेळी पुतण्या, तिसऱ्या वेळी स्वतःच परक्यांच्या हातातलं प्यादं. शेवटी १७८३मध्ये कोपरगावला मृत्यू, गादीविना.

इतिहासकार याला आणखी दहा कारणं देतील, द्यावीतच. कथेला एक पुरतं. पुन्हा सांगतो, एकच. आणि ते गुणाच्या पाठीला चिकटलेलं हवं. धडाडी काढलीत, तर अटकही जाते आणि खोटही.

हेच घरगुती मापात करू. नारायण पेठेतली एक काकू कल्पा. शेजारचा डबा ती रिकामा कधी परत करत नाही, हा गुण. तीन हजार शब्दांची कथा असेल तर पहिल्या तीनशेत डबा येऊ द्या. वाचक कौतुकानं हसला पाहिजे. मध्यावर भाऊ अडचणीत पैसे देतो, ती महिन्याच्या आत फेडते, त्यासाठी मुलीची फी थकवते. शेवटी रात्री छातीत कळ येते. समोरचं दार चार पावलांवर आहे. ती वाजवत नाही. कठडा धरून तीन जिने उतरते.

यात ‘मानी’ हा शब्द कुठेही लिहायचा नाही. लिहिलात की वाचक शोधायचं थांबतो. तिला विचाराल तर ती म्हणेल, ‘कशाला कुणाची झोपमोड?’ खोटीला स्वतःचं समर्थन असतं आणि ते ऐकायला शहाणपणाचं वाटलं पाहिजे. बालपणीचा प्रसंग आणून खुलासा करू नका. खुलासा आला की दोषाची धार जाते. लंगडणं, तिरळेपण, तोतरेपण या तर खोटीच नव्हेत. खलनायकाला ते चिकटवणं निव्वळ आळस. तसंच ‘तो फारच प्रामाणिक होता’ ही नोकरीच्या मुलाखतीत सांगायची खोट.

एक शेवटचं काम. काकूचा तो डबा तिच्या मुलीकडून परत पाठवून बघा. मुलगी तो रिकामाच देईल का? तिथे दुसरं पात्र सुरू होतं.

नमस्कार.