ठराव वाचल्याशिवाय उठायचं नाही

(गोव्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण. टाळ्या, खोकला आणि मधेच गेलेली वीज वगळून.)

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या पावसात आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘शांतता, सामाजिक न्याय आणि शाश्वतता : गावपातळीवरील मेळाव्यांची भूमिका’. हा विषय माझा नव्हे. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं, ग्रामसभेच्या इतिवृत्तावर बोलतो. सचिव काही क्षण गप्पच झाले. मग म्हणाले, “मास्तर, इतिवृत्तावर ऐकायला कोण येणार?” शेवटी तडजोड झाली : नाव त्यांचं, भाषण माझं. पत्रिकेतल्या तिन्ही मोठ्या शब्दांकडे मी शेवटी येणार आहे, तसं वचन देतो. माझ्यानंतर नाट्यगीतांचा कार्यक्रम आहे, पेटी आधीच येऊन बसलीय, आणि पुढच्या दोन रांगा कोणासाठी भरल्यात हे मला बरोबर कळतं.

गोव्यातली सगळ्यांत प्रसिद्ध जाहीर सभा कुठली? १८ जून १९४६, मडगाव. डॉ. राममनोहर लोहिया आले होते विश्रांतीला, असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस या आपल्या मित्राकडे. इथं येऊन बघतात तर परवानगीशिवाय चार माणसांनी सभा घ्यायची नाही, लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवायची. मग मडगावात ती सभा झाली, भर पावसात, बंदी मोडून. पोर्तुगीज प्रशासकाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला, आणि त्यांना अटक झाली. म्हणजे आपल्या इतिहासातली सगळ्यांत मोठी सभा अशी, की जिच्यात मुख्य वक्त्याला धड बोलूच दिलं नाही. मला इथं कोणी अडवत नाही, ही तुमची अडचण आहे.

तेव्हा जमण्यासाठी माणसं तुरुंगात गेली. आज जमण्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. चवथ, जत्रा, फेस्त, सप्ताह, शिमगा, आणि पौषात मांडावर रात्र रात्र चालणारे बायकांचे धालो. लोक येत नाहीत ही तक्रार मी कधीच करणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. लोक येतात, बोलतात, भांडतात, चहा पितात, आणि उठून जातात. मागे काय उरतं? ते सांगायला मला एक गोष्ट सांगावी लागेल. थोडी लांब आहे. ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी पेटीकडे बघत बसावं.

मी राहतो त्या गावाचं नाव घेत नाही, तुम्हाला ते ठाऊकच आहे. गावाला खाजन शेती आहे. तरुण मंडळींसाठी सांगतो, कारण हल्ली खाजन म्हणजे ‘सी व्ह्यू प्लॉट’ असा समज आहे. खाडीच्या कडेची जमीन, भरतीच्या पातळीपेक्षा खोल, मातीचे बांध घालून राखलेली. बांधात मानस असते, लाकडी दारांची. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. आत कोरगूट जातीचा भात पिकतो, जो थोडं मीठ सहन करतो. थोडं, हे लक्षात ठेवा.

आता मानशीत मासे मिळतात, म्हणून मासळीच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. ज्याने पावणी घेतली त्याला मासे हवेत, आणि मासे भरतीच्या पाण्याबरोबर येतात. मग रात्री कोणीतरी दारं दोरीने बांधून उघडी ठेवतं. खारं पाणी आत, सुंगटं म्हणजे कोळंबी आत, पैसे खिशात. शेतात मीठ, आणि बांधाला आतून-बाहेरून मार. हे एका गावाचं नव्हे, खाडीकाठच्या कुठल्याही गावात विचारा, हीच कथा सांगतील, फक्त दोरी बांधणाऱ्याचं नाव बदलेल.

तर ग्रामसभा. रविवारची सकाळ. रविवार का, तर कायद्यातच तसं आहे, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधला रविवार. रविवारी सकाळी अर्धा गाव चर्चमध्ये मिसाला असतो, आणि उरलेला अर्धा मासळीला. कोरम झाला नाही. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने जी माणसं होती ती पुरेशी ठरली. (यातलं गणित मला अजून कोणी समजावलेलं नाही.)

एक आजी उभ्या राहिल्या. जन्मभर चिखलात राबलेली बाई, माइक हातात धरायचीसुद्धा सवय नाही. म्हणाल्या, “शेतांत खारें उदक भरलां. दारां रातचीं उक्तीं दवरतात.” (शेतात खारं पाणी भरलंय, दारं रात्री उघडी ठेवतात.) एवढंच. मग जे पेटलं! पावणीवाल्याचा पुतण्या उठला, पुरावा काय म्हणाला. दुसऱ्याने त्याच्या बापाचं जुनं प्रकरण काढलं. एकाने विचारलं, मानस कोमुनिदादची, म्हणजे गावच्या जुन्या संस्थेची, की कुळांच्या टेनंट असोसिएशनची? कोणी म्हणालं सरकारची. माइक दोनदा ओढला गेला, एकदा पडला. पण मंडळी, शेवटी, आणि हेच मला अजून छान वाटतं, सगळे थकल्यावर एक शहाणपणाची गोष्ट ठरली : तीन माणसांनी उधाणाच्या रात्री मानशीवर जाऊन बघायचं, त्यांत पावणीवाल्याच्या बाजूचाही एक, आणि पुढच्या सभेत सांगायचं. सगळे ‘हय हय’ म्हणाले. पुतण्याही म्हणाला. चहा आला. भजी होती.

पुढची ग्रामसभा. पहिला विषय, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. सचिव त्या खास आवाजात वाचायला लागले, ज्या आवाजात वाचलेलं कोणी ऐकू नये अशीच व्यवस्था असते. त्या तीन माणसांचं काय लिहिलं होतं? सांगतो, मला पाठ आहे. “ग्रामस्थांनी शेतीविषयक विविध विषयांवर चर्चा केली. सरपंचांनी आभार मानले.”

मी उठलो. म्हटलं, समितीचं काय? उत्तर आलं, आधी इतिवृत्त कायम करू, मग चर्चा. हात वर झाले, इतिवृत्त कायम झालं. आता बोला म्हणाले. बोललो, तर म्हणतात, कायम झालेल्या इतिवृत्तात दुरुस्ती कशी करणार? लेखी अर्ज दिला. तोवर सचिवांची बदली झाली. नवे सचिव भले गृहस्थ, दोन पंचायतींचा भार डोक्यावर. हात जोडून म्हणाले, “मास्तर, त्या सभेला मी नव्हतोच. जे मी ऐकलं नाही ते लिहू कसं?” यावर काय बोलणार? जो होता त्याने लिहिलं नाही, आणि जो लिहायला तयार होता तो तिथं नव्हता.

पावसाळ्यात बांध फुटला. शेतं पडून राहिली. पाहणीला साहेब आले, गमबूट घालून, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि तो अगदी बरोबर विचारला : “याबद्दल ग्रामसभेने पूर्वी कधी तक्रार केली होती का?” वही उघडली. शेतीविषयक विविध विषय. आजी तिथंच उभ्या होत्या. म्हणाल्या, “मागीर आमी दोन वरां कितें केलें?” (मग आम्ही दोन तास केलं काय?)

(अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं.)

आपल्याकडे हे पूर्वी कसं होतं, ते सांगायचा मोह आवरत नाही. पोर्तुगीज यायच्या आधीपासून इथं गांवकऱ्या होत्या. बांध, मानस, पाणी, देऊळ, सगळं गांवकार मिळून बघत. पोर्तुगिजांनी ती रीत मोडली नाही, महसूल हवा होता ना. १५२६ मध्ये अफोंसो मेशियाने तिच्या चालीरीती फोराल नावाच्या सनदेत नोंदवल्या, पुढे तिला कोमुनिदाद म्हणू लागले. दामोदर धर्मानंद कोसंबी, आपल्या सांकवाळचे, गणिती असून त्यांना या गावसंस्थांवर लिहावंसं वाटलं. त्या व्यवस्थेत एक माणूस फार महत्त्वाचा होता, लिहिणारा, गावचा कुळकर्णी. बैठक झाली म्हणजे ती लिहिली गेली पाहिजे, हे गृहीतच होतं.

लगेच हुरळून जाऊ नका. त्या बैठकीत बसायचं कोणी? गांवकारांच्या पुरुष वंशजांनी. बाई नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार नाही, ज्याच्या घामाने बांध उभा राहिला तो बहुतेक वेळा नाहीच. कुळांना १९६४ साली कायद्याचा आधार मिळाला, मुंडकारांना १९७५ साली. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, त्या सोन्यात आमच्या आजींचा वाटा किती होता? तेव्हा मला गांवकरी परत नको आहे. मला फक्त तिची वही हवी आहे. (पाच मिनिटं? आत्ता तर दहा होती.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ग्रामसभा असो, वाड्याची बैठक असो, शांतता समिती असो, देवळाच्या चौकात जमलेले लोक असोत. जे ठरलं ते तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर लिहायचं. मोठ्याने वाचायचं, आजींना कळेल अशा भाषेत. विरोध करणाऱ्याचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत, खाली घालायचं. कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे लिहायचं. मगच उठायचं. चहा त्यानंतर. भजी तर नक्कीच त्यानंतर.

आता वचन दिलेले तीन शब्द, पटापट.

शांतता. आपल्याकडे शांततेवर बोलायचं म्हटलं की म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे मारिया मातेला, हिंदू तेल वाहतात हे सांगून लोक खाली बसतात. चांगलंच आहे ते. पण गावात डोकी फुटतात ती वाटेवरून, कुंपणावरून, रात्रीच्या लाउडस्पीकरवरून. भांडणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं लिहिलं गेलेलं दिसलं की त्याचा निम्मा राग उतरतो. पुतण्याचं वाक्य त्या दिवशी वहीत असतं, तर पुढे तो आमच्याशी बोलायचा बंद झाला नसता.

सामाजिक न्याय. कोण बोललं याची नोंद बघा. आमच्या इतिवृत्तांत नावं येतात ती सरपंचांची, पंचांची, आणि माझ्यासारख्या कायम उठणाऱ्यांची. मांडावर ज्या बाया रात्र रात्र न थकता गातात, त्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभ्या असतात. त्यांची नावं लिहा, आपोआप खुर्च्या मिळतील. आणि ग्रामसभा मतदारांची असते, म्हणून भाड्याच्या खोल्यांत राहणारे, आपली घरं बांधणारे परप्रांतीय कामगार तिच्यात नाहीत. त्यांच्या नळाचं, संडासाचं कोण बोलणार? यावर मला वेगळं अर्ध्या तासाचं भाषण करायचं होतं, सोडून देतो.

शाश्वतता. केरीला नायलॉन ६,६ च्या कारखान्याविरोधात फोंड्याची गावं उठली, १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक गेला, आणि प्रकल्प गेला. २००७ च्या जानेवारीत जमीन वापराचा प्रादेशिक आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरच्या रेल्वेरुळांवर हजारो लोक जमले. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीत मेळावलीच्या बायका जमिनीवर आडव्या झाल्या आणि नियोजित आयआयटी तिथून हलवावी लागली. या सभांच्या आठवणी आपण अभिमानाने सांगतो. पण चांदरची ती रात्र एकटी पुरली नाही. तिच्यामागे हरकतींची, नकाशांची, पत्रांची चळत होती, केंद्रीय उच्चाधिकार समितीपर्यंत गेलेली, आणि मग मे २०२२ मध्ये वन्यजीव मंडळाने दुपदरीकरणाला दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. मोठ्या संकटाला आपण जमतो आणि कागदही करतो. मानशीच्या दोरीला मात्र कोणी कागद करत नाही, आणि खाजन जातं ते त्या दोरीने.

कोणी विचारेल, ग्रामसभेच्या ठरावाला सरकार किंमत तरी देतं का? कधी देतं, बऱ्याचदा देत नाही. मान्य. पण जो ठराव लिहिलाच नाही, तो नाकारायचेसुद्धा कष्ट सरकारला पडत नाहीत.

पेटीवाले उठून उभे राहिलेत, म्हणजे माझी वेळ संपली. एकच कामाची गोष्ट सांगतो. रविवारच्या सभांशिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर अशा खास ग्रामसभा आहेत. जवळची जी असेल तिला जा, आणि आभार मानायच्या आधी उभं राहून म्हणा, ठराव वाचून दाखवा. नाही वाचला, तर माहिती हक्काखाली इतिवृत्ताची नक्कल मागा. साध्या कागदावर अर्ज चालतो, फी दहा रुपये. अर्जाचा नमुना मी मराठीत लिहून आणलाय, मागच्या टेबलावर आहे, चपलांच्या बाजूला. कृपया त्याच्यावर भज्यांची बशी ठेवू नका.