झोप सुधारली, पण डिप्रेशन गेलं का?

नमस्कार! समजा, डिप्रेशनचा एक पेशंट आहे. त्याला गुंगी आणणारी गोळी सुरू झाली. पंधरा दिवसांनी तो सांगतो, “डॉक्टर, झोप छान लागते. पण मन कशातच लागत नाही.” तरी हॅमिल्टन स्केलवरचे, म्हणजे डिप्रेशनची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीवरचे, त्याचे गुण उतरलेत. (गुण जितके जास्त, तितकं डिप्रेशन जास्त.) कागदोपत्री सुधारणा!

हे स्केल मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 मध्ये मांडलं. मुद्दे 17, जास्तीत जास्त गुण 52. त्यात झोपेचेच मुद्दे तीन: झोप लवकर न लागणं, मध्येच मोडणं, भल्या पहाटे जाग येणं. प्रत्येकी 2, म्हणजे एकूण 6 गुण. आणि उदासपणाला? 4! उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2004 साली गोळी आणि प्लासीबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) यांच्यातला 3 गुणांचा फरक महत्त्वाचा धरला होता. तेवढा फरक नुसत्या झोपेनेही पडू शकतो.

गंमत अशी, की या पेशंटला दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं तरी गुण तेवढेच येतील. म्हणजे विश्वसनीयता उत्तम. प्रश्न आहे वैधतेचा: जे मोजायचंय तेच मोजतोय का?

अर्थात दोघांचं जुळलं यानेही लगेच हुरळून जाऊ नका. दोन डॉक्टरांनी 100 पैकी प्रत्येकी 90 पेशंटना ‘तीव्र’ म्हटलं, तर डोळे मिटून शिक्के मारले तरी साधारण 82 ठिकाणी जुळणारच. प्रत्यक्षात 90 ठिकाणी जुळलं असेल, तर कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोग वजा करून उरलेलं एकमत सांगणारा आकडा (पूर्ण एकमत असेल तर 1), येतो फक्त 0.44. त्यामुळे “90 टक्के एकमत” असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आधी कप्पा विचारतो.

विश्वसनीयता तपासायला त्याच पेशंटला तेच स्केल पुन्हा लावून बघायचं, तर मधलं अंतर जपावं लागतं. दुसऱ्याच दिवशी विचारलं तर कालची उत्तरं आठवतात, महिन्याने विचारलं तर आजारच बदललेला असतो.

आणि भाषांतर झालं, की ही सगळी तपासणी नव्याने. हॅमिल्टनचा दुसराच मुद्दा अपराधीपणाचा. “अपराधी वाटतं का?” असं शुद्ध मराठीत विचारलं, तर एखादी आजी म्हणेल, “मी कशाला कुणाचा अपराध करू?” झाला शून्य गुण. तिलाच विचारा, “आजी, मनाला काही खातं का?” मग बघा, ती किती वेळ बोलते.