चाळिशीत हळू धावायला शिकताना

(दृश्य: पहाटेचा अंधार. मॅरेथॉनची सुरुवातीची रेषा. छातीवर नंबर लावलेली माणसं जागच्या जागी हलतायत, घड्याळं चाचपतायत.)

शंभर मीटरच्या शर्यतीत चाळिशीचा माणूस शोधून सापडत नाही. इथलं चित्र वेगळं आहे. या गर्दीतले चेहरे जरा नीट बघा. कानशिलावर पिकलेले केस, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या पोटरीवर निळी टेप. यातल्या कित्येकांनी शाळेत खेळाच्या तासाला दांड्या मारल्या असतील. आणि आज हीच माणसं आपणहून, वर पैसे भरून, ४२ किलोमीटर धावायला उभी आहेत.

माणसं नेमकी चाळिशीच्या तोंडावरच का धावायला लागतात? २०१४ साली अ‍ॅडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या दोन संशोधकांनी पहिल्यांदाच मॅरेथॉन धावलेल्या ५०० जणांची वयं तपासली. २९, ३९, ४९ अशी नवावर संपणारी वयं त्यात अपेक्षेपेक्षा जास्त निघाली. पुढे त्यांच्या आकडेमोडीवर आक्षेपही घेतले गेले. तो वाद चालू दे. रक्ततपासणीच्या अहवालात एखादा आकडा ठळक छापून आला, किंवा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत फोनवरचं बोलणं थांबवावं लागलं, की कारण ज्याचं त्याला कळतंच.

(दृश्य: ट्रेडमिलवर मास्क लावून धावणारी व्यक्ती. पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांचा आलेख.)

आधी वजाबाकी करून टाकू. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. बैठं आयुष्य असेल तर तिशीनंतर दर दहा वर्षांत तो साधारण १० टक्क्यांनी घटतो. नेटाने व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घट जवळपास निम्म्यावर येते. हृदयाचा कमाल वेगही उतरतो. त्याचं जुनं सूत्र सगळ्यांना पाठ आहे: २२० वजा वय. २००१ साली आलेलं सुधारित सूत्र सांगतं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. गंमत अशी, की बरोबर चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रांचं उत्तर एकच येतं, मिनिटाला १८० ठोके. अर्थात हे सरासरीचं उत्तर. तुमचं हृदय त्याच्या दहा-बारा ठोके अलीकडे-पलीकडे असू शकतं. त्यामुळे घड्याळाने लाल झोन दाखवला म्हणून लगेच घाबरून जायचं कारण नाही.

वय वाढतं तसे स्नायूंतले वेगवान तंतू आधी झिजतात. चिवट, संथ तंतू त्यापेक्षा बरेच टिकतात. म्हणूनच स्प्रिंटरची कारकीर्द लवकर संपते आणि लांब पल्ल्याच्या धावपटूची लांबते. पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशने १९८४ ची ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकली तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. रोमानियाच्या कॉन्स्टँटिना डित्साने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक घेतलं, वय ३८. इथिओपियाचा केनेनिसा बेकेले ४१ व्या वर्षी लंडनमध्ये २ तास ४ मिनिटं १५ सेकंदांत धावला.

पण ही सगळी जन्मभर धावणारी माणसं. आपल्या कामाची गोष्ट प्रिसिला वेल्शची. ब्रिटनची ही बाई नौदलात नोकरीला होती आणि सिगारेटी ओढत होती. धावायला लागली ती पस्तिशीच्या आसपास. १९८७ मध्ये, ४२ व्या वर्षी, तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. वयोगटातला पहिला नंबर नव्हे, स्त्रियांची अख्खी शर्यत. तुमचं-माझं असं होणार नाही, हे उघड आहे. तरी उशीर झाला म्हणणाऱ्यांपुढे हे नाव ठेवायला मला आवडतं.

(दृश्य: अगदी जवळून, बुटाची नाडी. मग पाऊल. टाच जमिनीला टेकते, पोटरी ताणली जाते. संथ गतीत.)

आता पहिला दिवस. नवे बूट, नवा टीशर्ट आणि विशीतल्या वेगाची आठवण. चूक होते ती इथेच. पहिली दोनशे मीटर माणूस बस पकडायला निघाल्यासारखा सुटतो. चौथ्या मिनिटाला छाती भरून येते, बरगडीखाली कळ उठते, कानात ठोके ऐकू येतात. मग कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि ठरवून टाकायचं की धावणं आपल्या नशिबात नाही.

नशिबाचा इथे काही संबंध नाही. वेग जास्त होता, एवढंच. धावता धावता शेजारच्याशी एक सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे, ही सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची मोजपट्टी. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं केलं तरी ते धावणंच. चालणारा ओलांडून पुढे गेला तर जाऊ द्यायचं. चाळिशीच्या माणसाला यातलं सगळ्यात कठीण जातं ते हेच. नोकरीत, घरात, सगळीकडे त्याला आता काहीतरी जमलेलं असतं. आणि इथे सगळ्यांसमोर नवशिका व्हायचं.

हे आठवडे काढले की एक सुखद गोष्ट घडते. दीड-दोन महिन्यांत दम लागणं कमी होतं. रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, स्नायूंत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. काल न जमलेले पाच किलोमीटर आज गप्पा मारत होतात. माणूस खूश होतो, आणि एका रविवारी उत्साहाच्या भरात दहा धावून येतो.

माझ्या मते चाळिशीतल्या धावण्यातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच. छाती तयार झाली म्हणून पाय तयार झाले असं होत नाही. स्नायू आठवड्यांत सुधारतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा, तिला महिने लागतात. हाडाची तऱ्हा आणखी वेगळी. भार वाढला की हाड आधी जुना भाग खरवडून काढतं आणि मग नवा भरतं. खरवडायला काही आठवडे पुरतात, भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षाही कच्चं असतं. नवख्यांच्या नडगीत आणि पावलाच्या हाडांत बारीक चिरा पडतात, त्या बऱ्याचदा याच काळात.

आणि भार किती, तोही बघा. प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. टाचेमागच्या कंडरेवर, अकिलीसवर, हा ताण वजनाच्या सहा-आठ पटींपर्यंत जातो. एका किलोमीटरमध्ये अशी हजाराच्या वर पावलं.

पहिली सूचना येते ती सकाळी. पलंगावरून उतरून पाय जमिनीवर टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलं लंगडत टाकली की कमी होतं, आणि दहा मिनिटांत माणूस ते विसरतो. हे दुखणं अंगावर काढायचं नसतं. धावताना दुखणं वाढत गेलं, किंवा एकाच जागी बोट ठेवून दाखवता आलं, तर थांबायचं. दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या असतील तर ती नुसती मेहनत.

दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असा एक नियम सर्रास सांगितला जातो. नवख्या धावपटूंवर तो तपासून पाहिला, तर या नियमाने चालणारे आणि न चालणारे साधारण सारखेच जायबंदी झाले. मग उरतं काय? ताकद. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहा. टाचा सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत. आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. आठवड्यातून दोनदा, जोडीला उठाबशा. दिसायला अगदीच कंटाळवाणं, म्हणून सगळे टाळतात. स्त्रियांनी तर टाळूच नये. चाळिशीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी डळमळायला लागते आणि हाडांची राखण हळूहळू कमी होत जाते.

(दृश्य: क्ष-किरण चित्र, गुडघा. मग मोकळा रस्ता.)

एव्हाना कुणीतरी म्हणालेलंच असतं, ‘गुडघे जातील हं!’ २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण काढलं गेलं. हौसेने धावणाऱ्यांत ते ३.५ टक्के होतं, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के. व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. मुळात ज्यांचे गुडघे धड असतात तेच धावत राहतात, ही शंका इथे रास्त आहे. पण धावण्यानेच गुडघे जातात, असं या आकड्यांवरून तरी म्हणता येत नाही.

हृदयाचं तसं नाही, तिथे सावध राहिलेलं बरं. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख सहभागींची नोंद तपासली गेली. धावताना किंवा लगेच नंतर हृदय बंद पडल्याच्या घटना ५९. प्रमाण अगदी कमी, पण त्यांचं सरासरी वय होतं ४२, आणि त्यात पुरुष बहुसंख्य. तरुणपणी असा धोका बहुधा जन्मजात दोषातून येतो. चाळिशीनंतर तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेल्या चरबीतून येऊ लागतो. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखू असेल, तर बुटांच्या आधी डॉक्टर. चढावर छातीत दडपण आलं तर त्याला गॅस म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी बाजूही आहे. लंडन मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणाऱ्या १३८ जणांची सरावाआधी आणि शर्यतीनंतर तपासणी झाली. सहा महिन्यांच्या बेताच्या सरावात त्यांच्या महाधमनीचा ताठरपणा इतका उतरला, की ती साधारण चार वर्षांनी तरुण झाल्यासारखी दिसत होती. जास्त फायदा झाला तो वयाने मोठ्या आणि हळू धावणाऱ्यांना.

(दृश्य: दुपारचं ऊन चढलेलं. फलकावर ‘३२ किमी’. काही जण चालतायत.)

अंतर ४२.१९५ किलोमीटरच का? १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत नेली, ते अंतर एवढं भरलं. १९२१ मध्ये तेच कायम झालं. शरीराची सोय त्यात कुणी बघितली नव्हती.

आणि सोय नाहीच. माणूस धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च करतो. वजन ७० किलो असेल तर किलोमीटरला ७०. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर पुरते ती १८०० ते २००० कॅलरींना. भागाकार केला की उत्तर येतं तिसाव्या किलोमीटरच्या आतबाहेर. धावणारे जिला ‘भिंत’ म्हणतात, ती हीच. चरबीचा साठा मुबलक असतो, पण ती जळते सावकाश. साखर संपली की पाय शिशाचे होतात, साधा हिशेब जमेनासा होतो, काही जण अकारण रडतात. उपाय म्हणजे सुरुवात हळू करायची आणि भूक लागायच्या आत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्यायची. हे पोटालाही शिकवावं लागतं, सरावात.

पाण्याचा मात्र अतिरेक नको. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त झालं, त्यांना धोका अधिक. हळू धावणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो. प्रत्येक टेबलापाशी थांबायचं नाही. तहान लागली की प्यायचं.

(दृश्य: फिनिश लाइन. एक बाई पदक गळ्यात घालून फुटपाथवर बसलीय, बूट काढतेय. पायाच्या बोटाचं नख काळंनिळं.)

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून उलटं उतरावं लागतं. चढताना इतकं काही वाटत नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन तोलतो, आणि आदल्या दिवशीची सगळी इजा तिथेच झालेली असते. चार-पाच दिवसांत हे ओसरतं. नख पडायला आणखी वेळ लागतो, नवं यायला काही महिने.

आणि नखाच्या आधी निकालपत्रक येतं. त्यात वेळ असते, आणि शेजारी वयोगट. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्स पस्तिशीपासून सुरू होतं. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ मध्ये टोरांटोला झाली. दर पाच वर्षांनी गट बदलतो. कॅनडाचा एड व्हिटलॉक तरुणपणी धावायचा, मग त्याने सोडून दिलं, चाळिशीत पुन्हा सुरू केलं. घराजवळच्या दफनभूमीत तो तासन् तास फेऱ्या मारायचा. ७३ व्या वर्षी त्याने मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण केली.

४४ व्या वर्षी तुम्ही तुमच्या गटात सगळ्यात म्हातारे असता. ४५ पूर्ण झाली की पुढच्या गटात एकदम सगळ्यात तरुण. या मंडळींत वाढदिवसाची वाट बघणारे पुष्कळ भेटतात, आणि शर्यत नेमकी वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात पडली म्हणून चरफडणारेही.